रुळांमधला एक मिलिव्होल्ट : विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे एक फसवे गणित पायरीपायरीने

बारावीच्या भौतिकशास्त्रात विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या प्रकरणात रेल्वेगाडी आणि रुळांचे गणित वेगवेगळ्या रूपांत भेटते. सूत्रात आकडे घातले की दोन ओळींत उत्तर येते, त्यामुळे ते सोपे मानून पुढे जाण्याची पद्धत आहे. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या शिकवणीत हे गणित मी अनेक वर्षे घेत आलो आहे. माझा अनुभव असा, की आकडा बहुतेकांचा बरोबर येतो. पण मीटरची कोणती बाजू धन असेल आणि मीटर गाडीतच ठेवला तर काय दिसेल, हे दोन प्रश्न विचारले की चांगल्या गुणांचे विद्यार्थीही अडखळतात. म्हणून ते गणित आपल्या स्थानकावर आणून इथे सावकाश सोडवले आहे. कागद आणि पेन्सिल हाताशी ठेवून वाचावे.

गणित असे आहे. ब्रॉडगेजचे दोन रूळ एकमेकांपासून आणि जमिनीपासून विद्युतरोधित केलेले आहेत आणि त्यांच्यामधले अंतर १.६७६ मीटर आहे. सोलापूर स्थानकात, रुळांच्या खालून तारा नेऊन, एक मिलिव्होल्टमीटर दोन्ही रुळांना जोडला आहे. मोहोळच्या बाजूने येणारी गाडी ताशी १०८ किलोमीटर या स्थिर वेगाने न थांबता मीटरवरून पुढे होटगीच्या बाजूला निघून जाते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक ३८ मायक्रोटेस्ला आणि उभा घटक २० मायक्रोटेस्ला धरावा. गाडी मीटरकडे येत असताना मीटर किती विभवांतर दाखवेल आणि कोणता रूळ धन असेल? गाडी मीटर ओलांडून गेल्यावर काय दाखवेल? आणि गाडीतल्या एखाद्याने तसाच मीटर चाकांच्या आसाच्या दोन टोकांना जोडला, तर त्याला काय दिसेल?

पहिली पायरी : आकृती वरून पाहिल्यासारखी काढा

बहुतेक चुका इथेच जन्म घेतात, कारण विद्यार्थी गाडीचे चित्र बाजूने काढतात. बाजूने काढलेल्या चित्रात दोन रूळ एकमेकांमागे लपतात आणि ज्या क्षेत्रफळाचा विचार करायचा आहे तेच दिसेनासे होते. आपण पुलावर उभे राहून खाली पाहत आहोत असे समजून कागदावर दोन समांतर उभ्या रेषा काढाव्यात. कागदाची खालची बाजू मोहोळची, वरची होटगीची. म्हणजे गाडी खालून वर जाते. गाडीच्या जाण्याच्या दिशेला तोंड केले असता डाव्या हाताचा तो डावा रूळ आणि उजव्या हाताचा तो उजवा. ही नावे शेवटपर्यंत बदलायची नाहीत. दोन रुळांना जोडणारी एक आडवी जाड रेषा म्हणजे गाडीचा आस. चाके, आस आणि रूळ हे सगळे पोलादाचे असल्यामुळे आस हा दोन रुळांवर टेकून सरकणारा वाहक दांडाच आहे. मीटरसाठी वरच्या बाजूला दुसरी आडवी रेषा काढून तिच्या मध्ये एक वर्तुळ काढावे. आता आस, डावा रूळ, मीटर आणि उजवा रूळ मिळून एक बंद चौकट तयार होते, आणि पुढचा सगळा विचार या चौकटीचा आहे.

दुसरी पायरी : क्षेत्राचा कोणता घटक कामाचा

गणितात दोन घटक दिले आहेत आणि क्षितिजसमांतर घटक मोठा आहे. मोठा आकडा दिसला की तो वापरावासा वाटतो, किंवा दोन्हींची सदिश बेरीज करून एकूण क्षेत्र वापरावेसे वाटते. दोन्ही चूक आहे. गतिमान वाहकातील प्रभारावर लागणारे चुंबकीय बल हे वेगालाही लंब असते आणि क्षेत्रालाही लंब असते. वेग जमिनीला समांतर आहे. क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटकही जमिनीला समांतर आहे. तेव्हा या दोघांमुळे येणारे बल उभे, म्हणजे वर किंवा खाली, असते. आस आडवा असल्यामुळे उभे बल प्रभाराला आसाच्या लांबीवर ढकलू शकत नाही. म्हणून क्षितिजसमांतर घटक सोडून द्यायचा. याचाच दुसरा अर्थ असा, की रुळांची दिशा पूर्वपश्चिम आहे की दक्षिणोत्तर, याने उत्तर बदलत नाही. गणितात एकूण क्षेत्र आणि नतिकोन (क्षेत्राची दिशा क्षितिजाशी करते तो कोन) दिला असेल, तर एकूण क्षेत्राला नतिकोनाच्या साइनने गुणून उभा घटक काढावा.

उभ्या घटकाची दिशाही आताच आकृतीत लिहून ठेवावी. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या अगदी दक्षिण टोकाजवळून जाते आणि सोलापूर त्याच्या बरेच उत्तरेला आहे. त्यामुळे आपल्याकडे उभा घटक जमिनीत शिरणारा, म्हणजे खालच्या दिशेचा आहे. वरून पाहिलेल्या आकृतीत तो कागदात शिरणाऱ्या फुल्यांनी दाखवावा. क्षेत्राचे असे घटक आपल्या राज्यात अलिबागच्या वेधशाळेत शतकाहून अधिक काळ मोजले जात आहेत. हे काम पूर्वी मुंबईत कुलाब्याला चालत असे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या विद्युतधारेने मापन बिघडेल म्हणून १९०४ मध्ये ते अलिबागला हलवले गेले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आपल्या गणितातही शेवटी हीच अडचण येणार आहे.

तिसरी पायरी : आकडा

वेग मीटर प्रति सेकंदात आणावा. ताशी १०८ किलोमीटरला ३.६ ने भागले की ३० मीटर प्रति सेकंद मिळतात. प्रवर्तित ईएमएफ, म्हणजे प्रभाराला परिपथात ढकलणारा, व्होल्टमध्ये मोजला जाणारा रेटा, हा उभा घटक, आसाची लांबी आणि वेग यांचा गुणाकार. ०.००००२ गुणिले १.६७६ गुणिले ३० केले की ०.००१००५६ व्होल्ट येतात. उभा घटक दोनच सार्थ अंकांत दिला असल्यामुळे उत्तर १.० मिलिव्होल्ट असे लिहावे.

चौथी पायरी : दिशा, आसाच्या बाजूने

दिशा ठरवताना आधी एकच मार्ग पूर्ण करावा आणि नंतर दुसऱ्याने तपासावे. दोन्ही मार्ग एकमेकांत मिसळले की गोंधळ अटळ आहे. दहावीत शिकलेला फ्लेमिंगच्या उजव्या हाताचा नियम इथे पुरेसा आहे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांना लंब धरावे. अंगठा वाहकाच्या गतीच्या दिशेने, म्हणजे कागदावर वर. तर्जनी क्षेत्राच्या दिशेने, म्हणजे कागदात. मधले बोट डावीकडे रोखलेले दिसेल. म्हणजे आसातील धन प्रभार डाव्या चाकाकडे ढकलला जातो. आस हा एक घट आहे असे मानले तर त्याचे धन टोक डावीकडे आहे, आणि म्हणून डावा रूळ धन.

इथे विद्यार्थी एक शंका काढतात आणि ती रास्त आहे. विद्युतधारा जास्त विभवाकडून कमी विभवाकडे वाहते, तर आसात ती उजवीकडून डावीकडे, म्हणजे कमी विभवाकडून जास्त विभवाकडे कशी वाहील? उत्तर घटाच्या पोटात आहे. घटाच्या आत विद्युतधारा ऋण टोकाकडून धन टोकाकडे वाहते, कारण तिथे तिला ढकलणारे दुसरे काहीतरी असते. टॉर्चच्या सेलमध्ये ती रासायनिक क्रिया असते, आपल्या आसात ते चुंबकीय बल आहे. परिपथाच्या उरलेल्या भागात, म्हणजे रूळ आणि मीटर यांतून, ती नेहमीसारखी जास्त विभवाकडून कमी विभवाकडे जाते.

पाचवी पायरी : फॅरेडेच्या नियमाने तपासणी, आणि खरा गुंता

फॅरेडेचा नियम सांगतो, की ईएमएफचे परिमाण म्हणजे चौकटीतून जाणाऱ्या फ्लक्सच्या (क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ) बदलाचा दर. गाडी मीटरकडे येत आहे, म्हणजे चौकट लहान होत आहे. दर सेकंदाला १.६७६ गुणिले ३०, म्हणजे सुमारे ५०.३ चौरस मीटर क्षेत्रफळ कमी होते, त्याला ०.००००२ टेस्लाने गुणले की फ्लक्स कमी होण्याचा दर सेकंदाला सुमारे ०.००१ वेबर येतो. आकडा जुळला. आता लेन्झचा नियम : प्रवर्तित धारा फ्लक्समधल्या बदलाला विरोध करते. चौकटीतून खाली जाणारा फ्लक्स कमी होत आहे, म्हणून प्रवर्तित धारा खालच्या दिशेचेच क्षेत्र निर्माण करून ती तूट भरून काढू पाहील. अशी धारा वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. आस चौकटीच्या खालच्या बाजूला, घड्याळात सहाच्या जागी आहे, आणि तिथे काटा उजवीकडून डावीकडे सरकतो. चौथ्या पायरीशी हे तंतोतंत जुळते. मीटर बाराच्या जागी आहे, तिथे धारा डावीकडून उजवीकडे जाते. म्हणून मीटरचे डाव्या रुळाला जोडलेले टोक धन.

आता गाडी मीटर ओलांडून पुढे गेली. बहुसंख्य विद्यार्थी इथे लिहितात : ‘आधी क्षेत्रफळ कमी होत होते, आता वाढते आहे, म्हणून चिन्ह बदलेल आणि मीटर उणे एक मिलिव्होल्ट दाखवेल.’ हे विधान इतके पटण्यासारखे आहे, की ते का चुकीचे आहे हे समजून घेण्यासाठी थोडा वेळ दिलाच पाहिजे.

फ्लक्स आता खरोखरच वाढत आहे. म्हणून धारा वरच्या दिशेचे क्षेत्र निर्माण करेल, आणि त्यासाठी ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरेल. इथपर्यंत विद्यार्थ्याचे म्हणणे बरोबर आहे : चौकटीभोवती फिरण्याची दिशा उलटली आहे. पण चौकटही आता ती राहिलेली नाही. आस वरच्या बाजूला, बाराच्या जागी गेला आहे आणि मीटर सहाच्या जागी आला आहे. बाराच्या जागी उलट फिरणारी धारा उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे आसातली धारा पूर्वीसारखीच डावीकडे आहे. सहाच्या जागी उलट फिरणारी धारा डावीकडून उजवीकडे जाते, म्हणजे मीटरमधली धाराही पूर्वीसारखीच आहे. फिरण्याची दिशा एकदा उलटली आणि मीटरची चौकटीतली जागा एकदा उलटली. दोन उलट मिळून सुलट झाले. मीटर आधी जे दाखवत होता तेच, डावा रूळ धन असलेला एक मिलिव्होल्ट, पुढेही दाखवत राहील.

फॅरेडेच्या नियमाच्या सूत्रातले उणे चिन्ह चौकटीभोवतीच्या फिरण्याविषयी बोलते, मीटरच्या लाल आणि काळ्या तारांविषयी ते काहीच सांगत नाही. त्या दोन गोष्टींची सांगड आपण आकृती पाहून घालायची असते. म्हणूनच मी विद्यार्थ्यांना या प्रकारच्या गणितात आधी नुसते परिमाण काढायला सांगतो, उणे चिन्ह बाजूला ठेवायला सांगतो, आणि दिशा लेन्झच्या नियमाने आकृतीवर बाण काढून ठरवायला सांगतो. आसाच्या बाजूने विचार केला तर हा गुंता मुळात पडतच नाही : आसाचा वेग तोच, क्षेत्र तेच, मग त्याचे धन टोक मीटर कुठे आहे याची दखल घेऊन बदलेल कसे? चिन्ह बदलायचे असेल तर गाडी होटगीकडून मोहोळकडे जायला हवी. तेव्हा तिच्या जाण्याच्या दिशेचा डावा रूळ हा आपल्या आकृतीतला उजवा रूळ असेल, आणि तो धन होईल.

सहावी पायरी : आस एक नाही, अनेक आहेत

एका डब्याखाली साधारणपणे चार आस असतात. १६ डब्यांची गाडी धरली तर ६४ आस झाले. मग ६४ मिलिव्होल्ट का मिळू नयेत? कारण हे सगळे आस त्याच दोन रुळांवर टेकलेले आहेत. सगळ्यांची डावी टोके डाव्या रुळावर, सगळ्यांची उजवी टोके उजव्या रुळावर. हे समान घट समांतर जोडणीत आहेत. समांतर जोडणीत ईएमएफ वाढत नाही, फक्त एकूण अंतर्गत रोध कमी होतो. दोन आसांमधली चौकट पाहिली तर दोन्ही आस एकाच वेगाने पुढे जात असल्यामुळे तिचे क्षेत्रफळ बदलत नाही, म्हणून आसांमध्ये आपापसात धारा फिरत नाही. गाडीचे काही डबे मीटरच्या अलीकडे आणि काही पलीकडे असतानाही मीटर तोच एक मिलिव्होल्ट दाखवेल. पाचव्या पायरीतले उत्तर बरोबर असल्याचा हा आणखी एक पुरावा आहे : चिन्ह खरोखर बदलत असते, तर पुढचे आस आणि मागचे आस एकमेकांच्या विरुद्ध गेले असते, आणि एकाच गाडीच्या एकसारख्या आसांच्या बाबतीत ते अशक्य आहे.

सातवी पायरी : गाडीतल्या माणसाचा मीटर

आता तिसरा प्रश्न. गाडीत मीटर आहे, त्याच्या दोन तारा खाली जाऊन आसाच्या दोन टोकांना घासून टेकल्या आहेत. बाहेरचा मीटर एक मिलिव्होल्ट दाखवत आहे, आणि दोन्ही मीटर अखेर त्याच दोन टोकांना जोडलेले आहेत. तरीही गाडीतला मीटर शून्य दाखवेल.

फॅरेडेच्या नियमाने हे लगेच दिसते. आस, तारा आणि मीटर मिळून होणारी चौकट पूर्णच्या पूर्ण गाडीबरोबर सरकते, तिचे क्षेत्रफळ बदलत नाही, क्षेत्र सगळीकडे सारखे आहे; फ्लक्स बदलत नाही, म्हणून ईएमएफ शून्य. पण विद्यार्थ्याचे मन एवढ्यावर शांत होत नाही आणि होऊही नये. आसात तर एक मिलिव्होल्ट आहे, तो गेला कुठे?

तो कुठेही गेलेला नाही. मीटरच्या ताराही त्याच वेगाने, त्याच क्षेत्रात, पुढे चालल्या आहेत. तारा कशाही वळवलेल्या असोत, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंतची त्यांची आडवी लांबी आसाएवढीच होते, म्हणून त्यांच्यातला धन प्रभारही तेवढ्याच जोराने डावीकडे ढकलला जातो. समान ईएमएफचे दोन घट धनाला धन आणि ऋणाला ऋण असे जोडले तर त्यांच्यामधून धारा वाहत नाही; नेमके तेच इथे घडले आहे. स्थानकातला मीटर एक मिलिव्होल्ट दाखवू शकतो, कारण त्याच्या तारा स्थिर आहेत आणि त्यांच्यात विरोध करणारा असा दुसरा घट नाही.

मीटर दोन बिंदूंमधला कुठलातरी छापील आकडा वाचत नसतो. आपल्या स्वतःच्या तारांमधून प्रभाराला किती रेटा मिळतो ते तो सांगतो. तारा हासुद्धा परिपथाचा भाग आहे, हे प्रवर्तनाच्या गणितात क्षणभरही विसरता येत नाही. बघणारा वाहकाबरोबर चालला की चित्र बदलते, हा विचार किती खोल जातो ते १९०५ मध्ये दिसले. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील शोधनिबंधाची सुरुवातच चुंबक आणि वाहक यांच्या सापेक्ष गतीच्या प्रश्नाने होते.

आठवी पायरी : ऊर्जेचा हिशेब

उत्तर बरोबर आहे का, हे विचारण्याची माझी सर्वांत आवडती पद्धत ही आहे. मीटरचा रोध दहा लाख ओहम धरू. एक मिलिव्होल्टमुळे त्यातून एक नॅनोअँपिअर धारा वाहील आणि एक पिकोवॅट शक्ती खर्च होईल. आसातून डावीकडे वाहणाऱ्या या धारेवर क्षेत्र मागच्या दिशेने बल लावते. एक नॅनोअँपिअर, १.६७६ मीटर आणि ०.००००२ टेस्ला यांचा गुणाकार करून आलेल्या बलाला ३० मीटर प्रति सेकंदाने गुणून पाहावे; पुन्हा एक पिकोवॅटच येतो. मीटरला मिळालेली ऊर्जा इंजिनाने पुरवली. दिशा चुकून उलटी धरली असती, तर बल गाडीला पुढे ढकलणारे आले असते, आणि मीटरलाही ऊर्जा मिळते आहे आणि गाडीलाही, असा अशक्य हिशेब समोर आला असता.

प्रत्यक्षात हे मोजता येईल का

गणितातली ‘विद्युतरोधित रूळ’ ही अट निव्वळ कल्पना नाही. सिग्नलसाठीच्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळांचे तुकडे विद्युतरोधक सांध्यांनी वेगळे केलेले असतात आणि गाडीचा आस दोन रूळ जोडतो यावरूनच तिथे गाडी असल्याचे यंत्रणेला कळते. पण सोलापूरच्या मार्गावर आता विजेची इंजिने धावतात. वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती पुरवठा असतो आणि परतीची धारा रुळांमधून जाते, तिच्यापुढे आपला एक मिलिव्होल्ट सापडणे अवघड. रुळांजवळ जाऊन हा प्रयोग करण्याचा विचारही कोणी करू नये. तो जिवावर बेतणारा आहे आणि गुन्हाही आहे.

अशी निराशा खुद्द फॅरेडेच्या वाट्यालाही आली होती. १८३१ मध्ये प्रवर्तनाचा शोध लावल्यावर लगेच, १८३२ च्या जानेवारीत, त्याने लंडनच्या वॉटर्लू पुलावर तार टाकून तिची टोके थेम्सच्या पाण्यात सोडली. वाहती नदी हा वाहक, पृथ्वीचे उभे क्षेत्र तेच. म्हणजे आपलेच गणित, फक्त आसाच्या जागी पाणी. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला, पण तो इतर कारणांनी हलत होता आणि खात्रीचे उत्तर मिळाले नाही.

टेबलावर मात्र पाचवी पायरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. पितळेच्या दोन सरळ दांड्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळतील. त्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत कराव्यात आणि हाताच्या बोटभर अंतराने पुठ्ठ्यावर समांतर ठेवाव्यात. त्यांच्यामधल्या जागेत, पुठ्ठ्याखाली, शक्तिशाली चुंबकांची एक रांग सगळ्यांचा एकच ध्रुव वर येईल अशी चिकटवावी. सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात, म्हणून आधी पट्टीवर घट्ट बसवून घ्यावे. मध्यभागी शून्य असलेल्या गॅल्व्हानोमीटरच्या तारा दांड्यांच्या बरोबर मधोमध, खालच्या बाजूने जोडाव्यात. तिसरी पितळी दांडी आडवी टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच वेगाने झटकन सरकवावी. काटा जेमतेम एखाद-दोन घरे हलेल आणि चुंबकांच्या फटींवर थोडा थरथरेल, म्हणून एकाने दांडी सरकवावी आणि दुसऱ्याने नजर काट्यावर ठेवावी. दांडी तारांच्या जोडावरून पलीकडे जाते त्या क्षणी काटा शून्याची कोणती बाजू धरून आहे, ते वहीत लिहावे. मग दांडी त्याच वाटेने उलट आणावी आणि पुन्हा लिहावे.